मोजून मिळालेली काडतुसे

निवडणूक जाहीर झाली की आमच्या टेंभुर्णीत परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याची लगबग सुरू होते. बहुतेक बारा बोअरच्या बंदुका, पीकसंरक्षणासाठी घेतलेल्या. उजनीचे पाणी आले, उसाचे रान वाढले, त्या रानात डुकरे आली आणि डुकरांमागून बंदुका आल्या. मधूनच एखादे रिव्हॉल्वरही कापडात गुंडाळून, कापडी पिशवीतून येते. असेच एक पिशवी घेऊन निघालेले गृहस्थ मला चौकात भेटले. वयाने वडील, म्हणून आम्ही त्यांना नाना म्हणतो. मी सहज विचारले, ‘‘नाना, हे शेवटचं कधी उडवलं?’’

‘‘घेतलं तेव्हा दोन बार काढले होते. आता काडतूस कोण वाया घालवणार?’’

‘वाया’ हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. सराव म्हणजे नासाडी, असे नानांना का वाटावे? ते कंजूष मुळीच नाहीत. मी इतिहासाचा पदवीधर नाही. एसटीने पुणे-सोलापूर करीत ग्रंथालयांत बसून जे वाचले तेवढीच माझी पुंजी. पण गेली काही वर्षे मी या एका प्रश्नामागे आहे: ज्या मुलखात शस्त्राचे एवढे कौतुक, तिथे पिस्तूल चालवणे हा छंद इतक्या उशिरा का आला? मला सापडलेले उत्तर शौर्याच्या गोष्टींत नाही, काडतुसांच्या हिशेबात आहे.

‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द युरोपातून समुद्रमार्गे आपल्याकडे आले. त्यांच्या आधीचे आणि सोबतचे आपले शब्द पाहिले तर ते सगळे भरण्याच्या क्रियेभोवती फिरतात. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कान्यावर रंजक घालायची, मग चाप. ‘ठासून भरणे’, ‘फुसका बार’, ‘कान्यात दारू’ ही बोलीतली भाषा त्या खटाटोपातून उरलेली आहे. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत समोरचा घोडेस्वार तुमच्यापर्यंत येऊन पोचतो. म्हणून तर ही पिस्तुले जोडीने बनत आणि खोगिराला दोन बाजूंना दोन लटकत. उधळत्या घोड्यावर बसून नळीत गज घालण्याचा प्रयत्न शहाण्या माणसाने करू नये. दोन्ही बार झाले की पुन्हा तलवार किंवा भाला.

अक्कलकोटच्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह आमच्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. तिथे काचेपलीकडून पाहावे लागते. मात्र एका खासगी संग्रहात मला चकमकीच्या चापाचे एक ठासणीचे पिस्तूल हातात घ्यायला मिळाले. त्याची मूठ नळीच्या रेषेत जवळजवळ सरळच जाते, शेवटी जरा खाली वळते. माझ्या पंजात ती नीट बसेना. मनगट खाली मोडल्याशिवाय नळी समोर येत नव्हती. मालक म्हणाले, ‘‘नेमासाठी नाही हो ती. छातीला लावून उडवायची वस्तू.’’ ती मूठ पाहिल्यावर धक्क्याचेही कोडे उलगडते. गोळी पुढे जाते तेवढ्याच नेटाने हत्यार मागे येते, हे सर्वांना माहीत असते; पण पिस्तुलात नळी हाताच्या वर असते, त्यामुळे ते नुसते मागे येत नाही, तोंड वर उचलते. बाकदार गोल मूठ असली तर ती पंजात गुंडाळल्यासारखी फिरते. हाताला इजा होत नाही, पण नेम मात्र आभाळाकडे जातो. दुसरा बार लगेच भरायचाच नसल्यामुळे याची कुणाला फिकीर नव्हती.

पुढे काडतूस आले. दारू आणि गोळी कागदाच्या एकाच पुडीत बांधलेली, दाताने फोडायची. १८५७ साली याच पुडीच्या चरबीवरून काय घडले, ते पुन्हा सांगायला नको. मला रस आहे तो त्यानंतरच्या कायद्यात. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, शस्त्रकायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. युरोपीयांना मात्र त्यातून सूट. संस्थानिक आणि काही मानकरी वगळले तर गावोगावच्या हातांतली बंदूक गेली किंवा कागदावर आली. आणि बरोबर याच काळात जगात पिस्तुलाचे रूप पालटत होते: पितळी पुंगळीचे काडतूस, सहा घरांची चक्री, आणि शतक संपता संपता स्वतःच पुढचे काडतूस नळीत ओढणारे पिस्तूल. या शेवटच्या प्रकाराने तर धक्क्यालाच कामाला लावले. मागे येणाऱ्या जोराने रिकामी पुंगळी बाहेर फेकायची आणि पुढची आत घ्यायची. गज, रंजक, ठासणी सारे संपले. युरोप-अमेरिकेत सामान्य माणसेही कागदी निशाणावर रविवार घालवू लागली. आपल्याकडे जी.आय.पी. रेल्वेचेसुद्धा स्वयंसेवक पथक होते, त्यात नेमबाजीचा सराव चाले. पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकरांचे. ज्या रुळांवरून आपले आजे-पणजे पंढरपूरच्या वाटेला लागत, त्याच कंपनीच्या पगारी साहेबांना गोळ्या झाडून बघण्याची सोय होती.

याचा परिणाम कुठे दिसतो, तर क्रांतिकारकांच्या हातात. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे धाडली. त्यातल्या एकाने २१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला टिपले. आपण ही गोष्ट धैर्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण जरा वेगळ्या बाजूने पाहा. सातासमुद्रांपलीकडून चोरून आलेल्या काडतुसांपैकी सरावाला किती खर्चायची? प्रत्येक आवाज धोक्याचा, प्रत्येक पुंगळी पुरावा. अशा माणसाला नेमाची खात्री अंतर कमी करूनच मिळवावी लागते. तो निशाणापासून दहा पावलांवर उभा राहू शकत नाही. त्याला अगदी जवळ जावे लागते, आणि जवळ गेलेला माणूस परत येत नाही. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले.

दुसरे उदाहरण आमच्या सोलापूरशी बांधलेले आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. त्याच वर्षी २२ जुलैला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. कारण सोलापूर. हॉटसन बचावला, तो कसा बचावला याच्या कथा पुण्यात पुष्कळ आहेत, त्यात मी शिरत नाही. गोगटे यांना शिक्षा झाली आणि पुढे स्वतंत्र भारतात तेच पुण्याचे महापौर झाले.

या दोन तारखांच्या मध्ये, मार्च १९३१ मध्ये, काँग्रेसचे कराची अधिवेशन झाले. तिथल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. हे वाचले तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. त्याआधी वर्षभर, जानेवारी १९३० मध्ये, गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरच्या कराबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, हीही एक होती. मीठ सगळ्यांच्या लक्षात राहिले, बंदूक कुणाच्याच नाही. राज्यघटनेत तो हक्क आला नाही. १९५९ चा नवा शस्त्रकायदा १९६२ मध्ये अमलात आला; त्याने गोऱ्या-काळ्याचा भेद ठेवला नाही, पण परवान्याची चौकट तीच राहिली.

तरीही छंदाचे दार उघडले ते एका गांधीवाद्याने. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मूळ कोकणातल्या घराण्यातले, जन्माने बडोद्याचे, वकिलीने अहमदाबादचे, सत्याग्रहात तुरुंग भोगलेले. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. राष्ट्रीय स्पर्धेची पायरी असलेली ‘मावळंकर स्पर्धा’ आजही नेमबाजांच्या तोंडी असते. त्यातल्या किती मुलांना हे मावळंकर कोण ते माहीत असेल, देव जाणे. या संस्थेमुळे एक साधी, पण अवघड गोष्ट शक्य झाली. परवानाधारक खेळाडूला काडतुसे केवळ चुकण्यासाठी मिळू लागली.

कारण नेमबाजी म्हणजे हजारदा चुकणे. आम्ही कॉलेजात एन.सी.सी.त होतो तेव्हा पॉइंट टू टू रायफलच्या पाच गोळ्या मिळत आणि पाच पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागत. एक पुंगळी गवतात गेली की सारी तुकडी गुडघ्यावर. माझ्या पाचपैकी पहिल्या तीन गोळ्या केवळ आवाजाच्या भीतीने गेल्या. चाप दाबण्याआधीच शरीर धक्क्याची वाट पाहते, मनगट नकळत खाली झुकते आणि गोळी निशाणाखाली मातीत. ही खोड जायला महिने लागतात. त्यावरचा उपाय सगळ्या जगात एकच, रिकाम्या हत्यारावर भिंतीकडे पाहून चाप दाबत राहणे. आपल्याकडे तो उपाय गरिबीमुळे अधिकच रुजला.

मुठीचे तर एक स्वतंत्र शास्त्रच आहे. आमच्याकडे ऊसतोड करणारा माणूस दुसऱ्याचा कोयता घेत नाही; मूठ हाताला ‘लागत’ नाही म्हणतो. पिस्तुलाचे तसेच. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यापासून चापापर्यंतचे अंतर जर बोटाच्या लांबीशी जुळले नाही तर बोट चाप सरळ मागे न ओढता बाजूला ढकलते. म्हणून खेळाडू लाकडी मूठ कानशीने घासतात, उणे असेल तिथे सुतारासारखी लांबी भरतात, पुन्हा पॉलिश पेपर मारतात. नियम एवढाच की मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. खेळातल्या पिस्तुलाची नळी हाताच्या जितकी जवळ आणता येईल तितकी खाली आणलेली असते, कारण तोंड कमी उचलले पाहिजे. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात शेवटच्या फेऱ्यांना चार सेकंदांत पाच निशाणांवर पाच गोळ्या असतात. तिथे धक्का सोसून चालत नाही, तो वेळापत्रकात बसवावा लागतो.

पुन्हा भरण्याचा छंद मात्र आपल्याकडे आलाच नाही. परदेशात हौशी माणूस झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणतो, तळाची वापरलेली टोपी काढून नवी बसवतो, तोलून दारू घालतो, वर नवी गोळी. त्यात पैसे वाचतात आणि स्वतःच्या हत्याराला मानवणारा बार तयार करता येतो. हे फक्त सेंटर फायर काडतुसात जमते. टू टू च्या काडतुसात स्फोटक कडेच्या घडीत भरलेले असते, ती पुंगळी एकदा वापरली की भंगार. आपल्या कायद्यात परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे, आणि माझ्या मते ते ठीकच आहे. आमच्या भागात घरगुती दारूकामाने बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. तेव्हा आपली काडतुसे कारखान्यातून येणार, म्हणजे खडकीहून. १८६९ मध्ये इंग्रजांनी काढलेला दारूगोळ्याचा तो कारखाना. ‘के एफ’ ही तिथली खूण नानांच्या काडतुसांच्या बुडावरही आहे.

खडकीवरून आठवले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवणारी अनिसा सय्यद मूळ खडकीची. रौप्यपदक कोल्हापूरच्या राही सरनोबतचे, आणि जोडीचे सुवर्ण दोघींचे मिळून. त्याआधी १९९० मध्ये ऑकलंडला महाराष्ट्राच्या अशोक पंडित यांनी सेंटर फायर पिस्तूलमध्ये सुवर्ण आणले होते, पण तेव्हा वर्तमानपत्रांनी वेटलिफ्टरांपुढे त्यांना फार जागा दिली नाही. राहीने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण घेतले. पिस्तुलातले ते भारताचे पहिले. मग कोपराची दुखापत, आणि २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेमबांग. अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी बरोबरी, मग जादा फेरी, तिथेही बरोबरी, पुन्हा जादा फेरी. हात खाली, दिवा हिरवा, तीन सेकंदांत हात वर आणि एक गोळी. असे पुन:पुन्हा. आशियाई सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. तो हात किती हजार वेळा चुकून तिथे पोचला असेल, हाच विचार मी दूरदर्शनसमोर करीत होतो.

इकडे सोलापूरच्या गड्डा यात्रेत फुग्यांवर छर्रे मारणारी पोरे मी दर जानेवारीत पाहतो. पाळणे झाले की रांग तिथेच. माशी वाकडी आहे हे सगळ्यांना माहीत असते. जाणती पोरे पहिले दोन छर्रे ती किती वाकडी आहे हे ओळखण्यासाठीच घालवतात. एका आईने पोराला ओढले, ‘‘चल, पैसे वाया घालवतोय.’’ पोरगे म्हणाले, ‘‘थांब की, आत्ता कळलंय.’’

निकाल लागल्यानंतर आठवड्याने नाना आपले रिव्हॉल्वर परत आणायला ठाण्यात गेले, मीही सोबत होतो. हवालदाराने नोंदवही उघडली, पिशवीतली पुडी टेबलावर रिकामी केली आणि बोटाने एकेक सरकवत मोजले. जमा दहा, परत दहा. नानांनी सही केली.