हमी डझनाला, माणसाला नाही : ब्रिटनच्या अंडी मंडळाची गोष्ट

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आज अंड्यांच्या बाजारावर बोलायला उभे आहोत, याचं काहींना नवल वाटेल. पण न्याय म्हणजे काय, हा प्रश्न ग्रंथांत जितका भेटतो तितकाच तो बाजारातही भेटतो.

उदाहरण ब्रिटनचं घेऊ. तिथल्या शेतघरांत कोंबड्या बहुधा घरच्या बाईकडे असत आणि अंड्यांचे पैसे हे तिच्या हातचे पैसे असत. आपल्याकडच्या खेड्यांत तरी याहून वेगळं काय होतं? दुसऱ्या महायुद्धात अंडी रेशनवर गेली. 1947 च्या शेती कायद्याने ज्या मालांना हमीभाव दिला, त्यांत अंडीही होती. 1953 साली अंड्यांचं रेशन उठलं आणि सरकारपुढे पेच पडला : बाजार तर मोकळा झाला, मग हमी उत्पादकाच्या हातात पडणार कशी?

त्यावर उपाय म्हणून उत्पादकांचं मत घेऊन ब्रिटिश एग मार्केटिंग बोर्ड उभं राहिलं. शेतावरची अंडी ठरलेल्या केंद्रावर जात. तिथे ती दिव्यासमोर धरून तपासत, वजनानुसार प्रतवारी करत आणि त्यांवर छोट्या सिंहाचा शिक्का मारत. अंडं खाऊन कामाला जा, अशी मंडळाची जाहिरात तर घराघरांत पोचली. छोट्या माणसाला व्यापाऱ्याच्या दारात उभं राहावं लागू नये, हा हेतू चांगलाच होता.

मग बिघडलं कुठे? आमच्या मते मर्म असं आहे : हमी डझनाला होती, माणसाला नव्हती. ज्याच्याकडे दहा डझन, त्याला दहा डझनांचा आधार. ज्याच्याकडे दहा हजार डझन, त्याला दहा हजारांचा. खात्रीचं गिऱ्हाईक मिळाल्यावर भांडवलवाल्याने पिंजऱ्यांच्या रांगा वाढवल्या. उत्पादन फुगलं, तसा सरकारने हमीभाव खाली आणला. मोठ्याला कमी नफा संख्येवर भरून काढता आला. ज्या घरात शे-दोनशे कोंबड्या होत्या, तिथे भरून काढायला काही नव्हतंच.

दुसरीकडे, शिक्क्याचं अंडं केंद्रातून दुकानात यायला वेळ लागे, म्हणून ताज्या अंड्यासाठी गृहिणी थेट शेताच्या फाटकाशी जाऊ लागल्या. बराच माल मंडळाच्या बाहेरून विकला जाऊ लागला आणि खर्चाचा भार आत राहिलेल्यांवर पडला. सरकारने नेमलेल्या आयोगाने 1968 साली मंडळ बंद करण्याची शिफारस केली. 1971 मध्ये ते बंद झालं.

आता सगळं खापर मंडळावर फोडणं बरोबर नाही. पिंजरे, नव्या जाती, तयार खाद्य हे सगळं मंडळाशिवायही आलंच असतं. आणि मंडळ गेल्यावर छोटे परत आले का? नाही. मोठे अधिकच मोठे झाले.

अॅरिस्टॉटल सांगतो की समानांना असमान देणं जसा अन्याय, तसाच असमानांना समान देणं हाही अन्यायच. वर्गात हे वाक्य आम्ही कितीदा समजावलं असेल! त्याचा अर्थ मात्र आम्हाला या अंड्यांनी नीट शिकवला.

आपल्याकडे 1982 साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उत्पादकांनी स्वतःच राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली. भाव व्यापारी ठरवतो, तो आपण जाहीर करू, अशी ती भूमिका होती. तिथे सरकार नव्हतं, हा मोठा फरक. पण प्रश्न उरतोच. भाव एक झाला, तरी तो भाव झेपण्याची ताकद एक होते का?

म्हणून उद्या कुठलीही बाजार-सुधारणा आली, की आपण एवढंच विचारावं : आधार मालाला आहे, की माणसाला?