असईची लढाई आणि खाजगी रोजनिशीची विश्वसनीयता

प्रस्तावना

इतिहासलेखनात समकालीन साधनांना अग्रस्थान दिले जाते. त्यांतही खाजगी रोजनिशी व पत्रे अधिक विश्वसनीय मानली जातात. कारण ती घटनेच्या लगतच आणि प्रसिद्धीचा हेतू न ठेवता लिहिलेली असतात, असा समज आहे. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या सैन्याचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. या लढाईविषयीच्या खाजगी लेखनाच्या आधारे वरील समजाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समीपता आणि तिची मर्यादा

तेवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या लढाईत वेलस्लीसमवेत होता. तो नियमित रोजनिशी लिहीत असे व मित्रांना सविस्तर पत्रे पाठवीत असे. प्रत्यक्षदर्शीचा अनुभव त्यातून मिळतो. परंतु एका व्यक्तीच्या दृष्टीच्या टप्प्यात संपूर्ण रणांगण येत नाही. वेलस्लीच्या सैन्यातील मृत, जखमी व बेपत्ता मिळून १,५८४ हा आकडा लष्करी यादीतूनच कळतो. शिवाय एल्फिन्स्टनचे हे लेखन कोलब्रुकने १८८४ साली चरित्रग्रंथातून प्रसिद्ध केले. म्हणजे वाचकाच्या हाती संपादकाने केलेली निवड येते.

लेखनाचा हेतू

वेलस्लीने १ नोव्हेंबर १८०३ रोजी थॉमस मन्रो यास लिहिलेले पत्र याहून उद्बोधक आहे. शत्रूची छावणी भोकरदन येथे असल्याचे हरकाऱ्यांनी कळविले होते. प्रत्यक्षात छावणीची उजवी बाजू भोकरदनला, तर पायदळ असलेली डावी बाजू सहा ते आठ मैलांवरील असईला होती. भोकरदन हे गावाचे तसेच परगण्याचेही नाव असल्याने घोटाळा झाला, असे तो सांगतो. स्थानिक भूगोलासाठी ही माहिती मोलाची आहे. तथापि हे पत्र एका जाणकार सेनाधिकाऱ्यापुढे दिलेले स्पष्टीकरणही आहे. ज्यांच्यावर दोष येतो, त्या हरकाऱ्यांची बाजू त्यात नाही. मजकूर खाजगी असला तरी तो निर्हेतुक ठरत नाही.

स्मृतीचे संस्कार

नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर गावे दिसल्यावरून तेथे उतार असणारच, असे आपण अनुमान केले, ही प्रसिद्ध कथा वेलस्लीने उत्तरायुष्यात सांगितली. असईत हजर असलेल्या ब्लॅकिस्टनच्या आठवणी १८२९ साली प्रसिद्ध झाल्या. अशा कथनांत विजयाच्या ज्ञानाची छाया पडते. मराठीत गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चे उदाहरण बोलके आहे. १८५७ च्या घटनांचे हे कथन १८८३ च्या सुमारास लिहिले गेले, चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली ते फेरफार करून छापले आणि मूळ संहिता द. वा. पोतदारांनी १९६६ साली प्रकाशात आणली.

निष्कर्ष

रोजनिशी विश्वसनीय आहे काय, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या बाबीसाठी विश्वसनीय, असे विचारावयास हवे. त्यासाठी नोंद व घटना यांतील अंतर, लेखकाचे स्थान, अपेक्षित वाचक आणि संहितेचे संपादन या चार कसोट्या लावून अन्य साधनांशी ताळा घ्यावा. हैदराबाद मुक्तिसंग्रामकाळातील घरगुती वह्या आज मराठवाड्यातील विद्यार्थी प्रकल्पांसाठी वापरतात. त्यांना नाकारणे किंवा पूज्य मानणे, दोन्ही टाळावयाचे असेल तर या कसोट्यांना पर्याय नाही. असईच्या हरकाऱ्यांप्रमाणे ज्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही, त्यांना न्याय देण्याचा मार्गही त्यातूनच जातो.