आधी मोटर, मग दिवा

मागच्या बैठकीत लाईट गेली. मेणबत्ती लावून बचतगटाचा हिशेब चालला होता, तेवढ्यात एकीने विचारलं, "शहरात वीज आली तेव्हा आपल्या आज्या चिमणीच का पुसत होत्या?" मग आम्ही जुन्या गोष्टी धुंडाळायला बसलो.

विलायतेत कारखाने आधीच पसरले होते. आपल्याकडे ते उशिरा आले, तेही मोजक्या शहरांत, आणि वीज गेली ती त्यांच्याच मागे. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत. कोळसा यायचा लांबून, महाग पडायचा. सह्याद्रीत पाऊस मात्र धो धो. १९१० साली टाटांनी वीज कंपनी काढली. लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडलं. त्या जोरावर चाकं फिरली आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पाणी मावळचं, उजेड मुंबईचा.

पुढे मुळशीची पाळी आली. तिथली भातखाचरं सोन्यासारखी. ती बुडणार म्हणून १९२१ साली मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट पुढारी होते. 'सेनापती' हे नाव त्यांना तिथेच मिळालं. बायाही त्यात होत्या, काही तुरुंगातही गेल्या. हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लढा हरला. शेतं पाण्याखाली गेली आणि १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

स्वातंत्र्यानंतर तारा खेड्यांकडे वळल्या. आपल्या राज्याचं वीज मंडळ १९६० साली झालं. पण खरी गंमत पुढेच आहे. १९९७ पर्यंत सरकारी हिशेब असा होता, की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशालाही वीज वापरली की गावाला वीज आली. म्हणजे एका बागायतदाराच्या विहिरीवर मोटर बसली की कागदावर अख्खं गाव उजळलं! वस्तीत चिमणीच. धान्य वाढलं हे खरं, मोटरीला आम्ही नावं ठेवत नाही. पण चुलीपाशी डोळे चोळणारी बाई त्या हिशेबात कुठेच नव्हती.

२००४ साली नियम बदलला. तारा वस्तीत आणि दलित वस्तीत पोचायला हव्यात, शाळा-दवाखान्यात वीज हवी आणि शंभरातल्या किमान दहा घरांत तरी हवी. उरलेल्या नव्वदांचं काय? घरटी जोडणीची 'सौभाग्य' योजना आली ती थेट २०१७ साली.

आमच्यातल्या म्हाताऱ्यांना मात्र दिव्यापेक्षा पिठाची गिरणी जास्त आठवते. पहाटे जात्यावर बसणं सुटलं, तासभर झोप वाढली. एक आजी म्हणाल्या, झोप मिळाली, पण ओव्या गेल्या.

तुमच्या गावात पहिला बल्ब कुणाच्या घरी लागला? सासूबाईंना विचारून ठेवा आणि पुढच्या बैठकीला सांगा.