'द फँटम मेनेस' : एका पूर्वकथेचे स्वागत

जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स : एपिसोड १ – द फँटम मेनेस' १९ मे १९९९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. मूळ चित्रत्रयी १९८३ मध्ये संपली होती, त्यामुळे प्रेक्षकांनी सोळा वर्षे वाट पाहिली होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये पहिली झलक आली, तेव्हा केवळ तिच्यासाठी दुसऱ्याच चित्रपटाचे तिकीट काढून, झलक संपताच उठून जाणारे लोकही होते.

कथा मात्र मागे जाणारी होती. पुढे मूळ त्रयीतला खलनायक डार्थ व्हेडर होणारा अ‍ॅनाकिन इथे नऊ वर्षांचा मुलगा आहे. शेवट सर्वांना ठाऊक असताना उत्सुकता कशी टिकवायची, ही प्रत्येक पूर्वकथेची अडचण. समीक्षकांची मते इथेच फाटली. रॉजर इबर्ट यांनी चारपैकी साडेतीन तारे दिले. संवाद आणि पात्रे फिकी आहेत हे मान्य करूनही पाण्याखालचे नगर आणि सिनेटचे भव्य सभागृह यांनी त्यांना भारावून टाकले. इतर अनेकांना व्यापारी मार्गांवरील कराच्या वादातून सुरू होणारे कथानक रुक्ष वाटले. जुन्या चाहत्यांना फार खुपले ते 'मिडिक्लोरियन' नावाचे पेशींमधले सूक्ष्म जीव. ज्या 'फोर्स' या गूढ शक्तीला ते श्रद्धेचा आणि साधनेचा विषय मानत आले, ती आता रक्त तपासून मोजता येत होती. ही तक्रार रास्तच होती. खलनायक डार्थ मॉलचे द्वंद्व आणि त्यासाठी जॉन विल्यम्स यांनी रचलेले संगीत मात्र बहुतेकांना आवडले.

सर्वाधिक राग ओढवला तो जार जार बिंक्स या विनोदी पात्रावर. त्याची बोली आणि वेंधळेपणा यांत कॅरिबियन कृष्णवर्णीयांची विटंबना असल्याचा आरोप झाला. लुकास यांच्या कंपनीने तो नाकारला. 'गोल्डन रास्पबेरी'चा सर्वांत वाईट सहायक अभिनेत्याचा 'पुरस्कार'ही याच पात्राला मिळाला. या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. अहमद बेस्ट या तरुण नटाच्या हालचालींवरून संगणकाने घडवलेले हे पात्र जिवंत नटांच्या बरोबरीने जवळजवळ पूर्ण चित्रपटभर वावरते. २००२ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्स'मधला संगणकनिर्मित गोलम पडद्यावर ठळकपणे आला, त्याआधीची ही पायरी होती.

तिकीटबारीवर टीकेचा परिणाम जाणवला नाही. पहिल्याच दिवशी अमेरिकेत २ कोटी ८५ लाख डॉलर जमले आणि जगभरात हा त्या वर्षीचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. ऑस्करची तीन नामांकने होती, पण तिन्ही गटांत त्याच वर्षीचा 'द मेट्रिक्स' जिंकला. टीकेची दखल मात्र पडद्यावर घेतलेली दिसते: २००२ च्या पुढच्या भागात जार जारची भूमिका अगदी आटोपती ठेवली आहे.

मतपरिवर्तन झाले ते पिढी बदलल्यावर. १९९९ मध्ये जी मुले होती त्यांच्यासाठी हाच पहिला 'स्टार वॉर्स' चित्रपट होता; मोठी झाल्यावर ती या चित्रपटाच्या बाजूने बोलू लागली. सिनेटच्या कारस्थानातून लोकशाही पोखरली जाण्याचे चित्रणही आता अधिक गांभीर्याने पाहिले जाते. बेस्ट यांनी मात्र टीकेची किंमत मोजली होती. त्या काळात आत्महत्येचा विचार मनात आला होता, असे त्यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. २०२३ मध्ये 'द मँडलोरियन' या 'स्टार वॉर्स' मालिकेत ते जेडाय योद्ध्याच्या भूमिकेत परतले. लहानग्या ग्रोगूला वाचवणारा तो योद्धा त्यांच्याच चेहऱ्याने पडद्यावर आला आणि चाहत्यांनी त्याचे मनापासून स्वागत केले.