पाटावरून टेबलाकडे

परंडा तालुक्यातली सोनारी आपल्याला काळभैरवनाथामुळे माहीत आहे. आज मात्र आपण देवळात नाही, घरात जाऊ, तेही जेवणाच्या जागेपाशी. घरच्या घरी जेवणाचं टेबल बनवणं ही हल्लीची हौस वाटते. पण शंभर वर्षांपूर्वी इथल्या कुणब्याने हातात रंधा घेतला असता का?

लाकूडकाम सुताराचं. बलुत्यात तो थोरल्या ओळीतला. नांगर, कुळव, तिफण, गाडी त्याने करायची आणि सुगीत खळ्यावर धान्य घ्यायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) ही व्यवस्था तपशिलाने सापडते. टेबल त्या कामांत नव्हतंच. निजामाच्या मुलखात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, मेज-खुर्ची म्हटलं की कचेरीच आठवायची. घरात पाट.

आणि पाट मांडला की पंगत आली, कोण कुणाशेजारी बसणार हेही आलं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक आणि रानडे, दोघांवरही ग्रामण्य आलं. नुसता चहा हो, जेवण नव्हे! घरातली पंगत वेगळी: आधी पुरुष आणि पोरं, शेवटी बायका.

मग टेबलाला लाकूड कुठून मिळतं? या भागात त्याचं एक उत्तर माळवद. खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तोच भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. त्यानंतर माळवदाखाली निजायची धास्ती बसली. स्लॅब आला, की जुनी तुळई मोकळी होते. सागवान असेल तर सोनंच. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं, सहसा वाकत नाही. आधी खिळे मात्र एकूण एक काढा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. बाभूळ चिवट पण जड, ती गाडीलाच बरी असं आमचं मत. उंची ३० इंच, माणशी जागा २४ इंच.

या हिशेबाने सहा फुटी टेबलाला लांब बाजूंना सहा आणि टोकांना दोन, असे आठ जण बसतात. पंगतीचा क्रम इथे मोडायला हवा होता. पण ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात लागते. म्हणून आठवी खुर्ची पुष्कळ घरांत बाकीचे हात धुवायला उठल्यावरच भरते.