स्क्रीन रीडर वापरून दूरच्या सर्व्हरवरची फाइल कशी उतरवायची?

दूरच्या सर्व्हरवर ठेवलेलं पुस्तक, जुना अंक किंवा ध्वनिफीत आपल्या संगणकावर आणायला दृष्टी लागतेच असं नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर आणि कीबोर्डची मोजकी बटणं माहीत असली, की दृष्टिहीन व्यक्ती हे काम कुणाच्या मदतीशिवाय करू शकते. फाइलींची यादी म्हणजे साधा मजकूर. त्यामुळे चित्रांनी भरलेल्या वेबसाइटपेक्षा इथे वावरणं अनेकदा सोपं जातं.

काय लागतं?

विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ साली त्याचं काम सुरू केलं. ते स्वतः दृष्टिहीन आहेत. त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक आवाज मराठीही वाचतो.

फाइलींची ने-आण करणारी एफटीपी पद्धत १९७१ साली अभय भूषण यांनी मांडली. ते आयआयटी कानपूरमधून शिकून अमेरिकेत गेले होते. मूळ एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, म्हणून आता सुरक्षित ‘एसएफटीपी’ वापरणं बरं. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१मध्ये एफटीपी बंद केलं. अशा सर्व्हरसाठी विनएससीपीसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं लागतं.

विनएससीपीत काय करायचं?

- सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड हे रकाने टॅबने एकेक करून भरा. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरची ओळख पटवणारी सूचना येते. ती पूर्ण ऐका, मगच ‘हो’ म्हणा.
- ‘कमांडर’ मांडणीत एका बाजूला आपला संगणक, दुसऱ्या बाजूला सर्व्हर असतो. टॅब दाबून इकडून तिकडे जाता येतं.
- वर-खाली बाणांनी फाइलींची नावं ऐका. एंटरने फोल्डर उघडतं, बॅकस्पेसने मागे येता येतं.
- हव्या त्या फाइलवर एफ५ दाबा, कुठे ठेवायची ते ऐका आणि एंटर करा.
- काम झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलचा आकार जुळतो का, ते तपासा. अर्धवट उतरलेली फाइल अशी लगेच कळते.

यादी ब्राउझरमध्ये असेल तर

‘के’ दाबल्यावर पुढची लिंक, ‘एच’ने पुढचं शीर्षक, ‘टी’ने पुढचा तक्ता मिळतो. यादी लांबलचक असेल तर इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबा. सगळ्या लिंका एका चौकटीत येतात आणि नावाचा थोडा भाग टाइप करून हवी ती शोधता येते. उतरवलेल्या फाइली कंट्रोल-जे दाबल्यावर सापडतात.

मराठी फाइलींची खरी अडचण

फाइल हातात आली तरी ती वाचता येईलच असं नाही. स्कॅन केलेली पानं स्क्रीन रीडरला नुसतं चित्र वाटतात. युनिकोडआधीच्या फॉन्टमधला मजकूर तर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन ऐकू येतो. ‘स्कॅन ००१’ अशी शंभर नावं असली, तर हवा तो अंक शोधायला एकेक फाइल उघडावी लागते.

उपाय फाइल चढवणाऱ्याच्या हातात आहे. मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा. स्कॅन असेल तर टेसरॅक्टसारख्या मराठी ओळखणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधून तो काढून, चुका तपासून घ्याव्यात. फाइलच्या नावात पुस्तकाचं नाव आणि वर्ष घालावं. एवढं केलं, तर जवळपास मराठी ग्रंथालय नसलेल्या दृष्टिहीन वाचकालाही बेळगाव, इंदूर किंवा वडोदऱ्यात बसून ते पुस्तक वाचता येईल.