जिवंत शक्तीचा वाद

वाटेंत पडलेला दगड कोणाला इजा करीत नाहीं. तोच दगड कोणी भिरकावला, कीं खिडकीची कांच फुटते. दगड तोच, वजनहि तेंच. मग पडून असतांना त्याच्या ठायीं नव्हतें असें काय फेकल्यामुळें त्याच्या अंगीं आलें? आणि जें आलें त्याचें माप कोणतें? वेग दुप्पट केला, तर दगडाचें बळ दुप्पट होतें कीं चौपट? हा प्रश्न शाळकरी मुलाला सुचण्याजोगा साधा दिसतो. परंतु याच प्रश्नावर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, सुमारें साठ वर्षें, युरोपांतील मोठमोठ्या विद्वानांत वाद चालला होता.

वादाचें मूळ फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या एका सिद्धान्तांत आहे. १६४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'तत्त्वज्ञानाचीं मूलतत्त्वें' या लॅटिन ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, ईश्वरानें विश्व निर्माण करतांना त्यांत गतीचा एक ठराविक सांठा घातला, आणि तो सांठा कधीं घटत नाहीं कीं वाढत नाहीं. एका पदार्थाची गति दुसऱ्याला मिळते. पण एकंदर बेरीज कायम राहते. पदार्थाचें आकारमान आणि त्याचा वेग यांचा गुणाकार, हें देकार्तचें गतीचें माप होतें. कल्पना भव्य होती, आणि तिच्यांत सत्याचा मोठा अंशहि होता. पण या हिशेबांत देकार्तनें गतीची दिशा धरली नाहीं. त्यामुळें एकमेकांवर आदळणाऱ्या पदार्थांविषयीं त्यानें जे सात नियम दिले, त्यांतील बहुतेक अनुभवाशीं जुळेनात. स्थिर असलेल्या मोठ्या पदार्थावर लहान पदार्थ कितीहि वेगानें आदळला तरी मोठा पदार्थ जागचा हलणार नाहीं, असें त्यांतील एक नियम सांगतो. गोट्या खेळणारें कोणतेंहि पोर हा नियम खोटा पाडूं शकेल.

१६६८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें या आघातांच्या नियमांचा छडा लावण्याचें मनावर घेतलें. गणिती वॉलिस, पुढें सेंट पॉलचें मंदिर उभारणारा वास्तुशास्त्रज्ञ रेन आणि हॉलंडचा हायगेन्स या तिघांनीं आपापले निष्कर्ष कळविले. हायगेन्सची विचारपद्धति विशेष सुंदर होती. कालव्यांतून संथपणें जाणाऱ्या नावेंत एक मनुष्य उभा आहे, व त्याच्या हातांत दोऱ्यांना टांगलेले दोन सारखे टणक गोळे आहेत, अशी त्यानें कल्पना केली. नावेंतला मनुष्य ते गोळे सारख्या वेगानें एकमेकांवर आदळवितो, आणि ते तितक्याच वेगानें मागें उसळतात. आतां नावेचा वेग गोळ्यांच्या वेगाइतकाच असेल, तर कांठावरून पाहणाऱ्याला काय दिसेल? त्याला एक गोळा स्थिर दिसेल, आणि दुसरा दुप्पट वेगानें येऊन त्यावर आदळेल. आदळतांच येणारा गोळा थांबेल, व स्थिर असलेला त्याचा सर्व वेग घेऊन निघून जाईल. घटना एकच, फक्त पाहणाऱ्याची जागा बदलली. एवढ्यावरून हायगेन्सनें आघाताचे नियम काढले.

या तिघांच्या विचारांतून दोन गोष्टी हातीं आल्या. पहिली अशी कीं, एका दिशेची गति धन व उलट दिशेची गति ऋण मानली, तर वजन व वेग यांच्या गुणाकाराची बेरीज प्रत्येक आघातांत कायम राहते. यालाच पुढें संवेग हें नांव मिळालें. दुसरी गोष्ट हायगेन्सला दिसली: गोळे टणक असून पूर्णपणें उसळणारे असतील, तर वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची बेरीजहि कायम राहते. म्हणजे कायम राहणाऱ्या राशि एक नसून दोन निघाल्या. यांतील खरें बळ कोणतें, हा पुढच्या भांडणाचा विषय झाला.

भांडणाला तोंड फोडलें जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स यानें. १६८६ सालीं लायप्झिगच्या एका विद्वन्मासिकांत त्यानें देकार्तची चूक दाखविणारा एक छोटा लेख लिहिला. त्यांतील युक्तिवाद असा: एक पौंड वजन चार हात उंच उचलण्यास जेवढे श्रम पडतात, तेवढेच चार पौंड वजन एक हात उचलण्यास पडतात. तेव्हां हीं दोन वजनें खालीं सोडलीं असतां जमिनीशीं पोंचतांना त्यांचें बळ सारखेंच असलें पाहिजे. पण गॅलिलिओनें दाखविल्याप्रमाणें चौपट उंचीवरून पडणाऱ्या पदार्थाचा वेग चौपट न होतां दुप्पटच होतो. मग देकार्तच्या मापानें पहिल्या वजनाचें बळ एक गुणिलें दोन, म्हणजे दोन. आणि दुसऱ्याचें चार गुणिलें एक, म्हणजे चार. सारख्या श्रमांचें फळ असें विषम कसें असेल? तेंच वेगाचा वर्ग घेतला, तर दोन्हीकडे चार येतात. म्हणून बळाचें खरें माप वेग नसून वेगाचा वर्ग होय, असा लायब्निट्सचा निर्णय झाला. १६९५ सालीं त्यानें या बळास 'जिवंत शक्ति' असें नांव दिलें.

लायब्निट्सच्या लेखानंतर पुढच्याच वर्षीं, १६८७ मध्यें, न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' बाहेर पडला. त्यांत न्यूटननें गतीचें माप म्हणून वस्तुमान व वेग यांचा गुणाकारच धरला होता, आणि त्यावर ग्रहांच्या भ्रमणाचें सारें गणित उभें केलें होतें. त्यामुळें वादाला पक्षांचा रंग चढला. इंग्रज पंडित बहुतांशीं संवेगाच्या बाजूचे. जर्मनींत व हॉलंडांत वर्गाचे कैवारी. आणि फ्रान्समध्यें दुफळी.

या वादांत केवळ गणित गुंतलें नव्हतें. मऊ मातीचे दोन सारखे गोळे सारख्या वेगानें समोरासमोर आदळले, तर दोघेहि जागच्या जागीं थबकतात. त्यांची गति गेली कोठें? न्यूटनच्या मतें जगांतील गति अशी सदोदित कमी होत असते, व तिची भर कोठून तरी पडावी लागते. यावर लायब्निट्सनें टीका केली कीं, मग न्यूटनचा ईश्वर अडाणी घड्याळजी ठरतो. आपल्या घड्याळाला त्याला मधून मधून किल्ली द्यावी लागते! १७१५ व १७१६ या दोन वर्षांत, वेल्सची युवराज्ञी कॅरोलाइन हिच्या मध्यस्थीनें, लायब्निट्स आणि न्यूटनचा मित्र क्लार्क यांच्यांत या व इतर प्रश्नांवर पत्रव्यवहार झाला. मातीच्या गोळ्यांची शक्ति नाहींशी होत नाहीं, ती त्यांच्या सूक्ष्म कणांत वांटली जाते; मोठें नाणें मोडून खुर्दा घ्यावा, तसेंच हें आहे, असें लायब्निट्सचें उत्तर होतें. परंतु तो खुर्दा मोजून दाखविण्याचें साधन त्याच्याजवळ नव्हतें. १७१६ च्या नोव्हेंबरांत तो मरण पावला, आणि पत्रव्यवहार तेथेंच थांबला.

युक्तिवादानें न सुटलेल्या प्रश्नाकडे आतां प्रयोगकर्ते वळले. इटलींतील पादुआच्या पोलेनीनें चरबीच्या थरावर गोळे टाकून पाहिले. लायडन येथील प्राध्यापक स ग्राव्हेसांडे हा न्यूटनचा अनुयायी. यानें १७२२ मध्यें सारख्या आकाराचे, पण निरनिराळ्या वजनांचे पितळी गोळे मऊ चिकणमातीवर निरनिराळ्या उंचीवरून सोडले. उंचीचें प्रमाण वजनांच्या व्यस्त ठेवलें, म्हणजे मातींत पडणारे खळगे अगदीं सारखे निघाले. वेग दुप्पट झाला कीं खळगा चौपट होत होता. प्रयोगाची साक्ष आपल्या गुरूच्या मापाविरुद्ध असल्याचें पाहून या न्यूटनभक्तानें आपलें मत प्रामाणिकपणें बदललें.

तरीहि वाद मिटला नाहीं. त्याचा पुढचा अंक फ्रान्समध्यें झाला, आणि त्यांत मुख्य भूमिका एका स्त्रीची होती. एमिली द्यु शातले हिचा जन्म १७०६ मध्यें पॅरिसला एका सरदारघराण्यांत झाला. स्त्रियांना विद्यापीठाचे किंवा अकॅडमीचे दरवाजे बंद होते. म्हणून मोपेर्त्वी व क्लेरो या गणितज्ञांकडून ती घरींच शिकली. सिरे येथील वाड्यांत व्हॉल्टेअरच्या सहवासांत तिनें ग्रंथालय व प्रयोगशाळा थाटली होती. १७४० सालीं तिनें आपल्या मुलाच्या शिक्षणाकरितां म्हणून पदार्थविज्ञानावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यूटनचें गुरुत्वाकर्षण त्यांत तिनें आदरानें मांडलें. पण शेवटच्या प्रकरणांत जिवंत शक्तीच्या प्रश्नावर तिनें लायब्निट्सचा पक्ष घेतला.

त्या प्रकरणांत हर्मान नामक गणितज्ञाचें एक उदाहरण तिनें दिलें आहे. एक वजनाचा उसळणारा गोळा दोन वेगानें जाऊन तीन वजनाच्या स्थिर गोळ्यावर आदळतो. आघातानंतर लहान गोळा एक वेगानें मागें फिरतो, आणि मोठा एक वेगानें पुढें जातो. दिशा न धरतां वजन व वेग गुणिले, तर आधींचे दोन, आणि नंतरचे एक व तीन मिळून चार. म्हणजे शून्यांतून बळ निर्माण झालें असें म्हणावें लागेल. वेगाचा वर्ग घेतल्यास आधींचे चार, आणि नंतरचेहि एक व तीन मिळून चारच.

याच प्रकरणांत तिनें दोर्तू द मेराँ या ज्येष्ठ अकॅडमी-सदस्याच्या १७२८ च्या निबंधावर टीका केली होती. मेराँ लवकरच अकॅडमीचा चिटणीस झाला, आणि १७४१ च्या फेब्रुवारींत त्यानें तिला उद्देशून जाहीर पत्र लिहिलें. तिनें आपला निबंध पुन्हां नीट वाचावा, असा त्या पत्राचा वडीलकीचा सूर होता. पुढच्याच महिन्यांत तिनें त्याला मुद्देसूद उत्तर छापून दिलें. खुद्द व्हॉल्टेअर या वादांत मेराँच्या बाजूचा होता. पण तिनें आपलें मत सोडलें नाहीं.

१७४३ सालीं तरुण दालांबेर यानें आपल्या गतिशास्त्रावरील ग्रंथांत हा सारा केवळ शब्दांचा वाद असल्याचा निर्णय दिला. त्यांत तथ्य किती, हें रस्त्यावरच्या मोटारीवरून समजतें. ताशी ३० किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी एका ठराविक जोराचा ब्रेक लावून थांबविली, आणि तीच गाडी ताशी ६० किलोमीटरांवर असतांना तेवढ्याच जोरानें थांबविली, तर दुसऱ्या वेळीं थांबण्यास लागणारा काळ दुप्पट होतो. परंतु थांबेपर्यंत तोडलेलें अंतर मात्र चौपट होतें. रोधाला काळानें गुणिलें म्हणजे संवेगाचा हिशेब मिळतो, आणि अंतरानें गुणिलें म्हणजे जिवंत शक्तीचा. घड्याळ घेऊन मोजणारा 'दुप्पट' म्हणतो, टेप घेऊन मोजणारा 'चौपट' म्हणतो, आणि दोघेहि खरें बोलतात. मात्र हीं एकाच वस्तूचीं दोन नांवें नव्हेत. या दोन वेगळ्या राशि आहेत, आणि दोहोंवांचून गतीचें वर्णन पुरें होत नाहीं. हर्मानच्या उदाहरणांतहि दिशा धरून पाहिलें, तर उणे एक आणि तीन मिळून दोन, म्हणजे संवेगहि कायमच आहे.

एमिलीनें मात्र न्यूटनकडे पाठ फिरविली नाहीं. लायब्निट्सची कड घेणाऱ्या या विदुषीनें आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चें फ्रेंच भाषांतर व त्यावर टीका लिहिण्यांत घालविलीं. १७४९ मध्यें, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, ती पुन्हां गर्भवती होती. त्या काळीं या वयाचें बाळंतपण म्हणजे जिवावरचा खेळ. आपण यांतून वांचूं न वांचूं, या जाणिवेनें ती रात्रीं जागून काम उरकीत होती. काम पुरें झालें, हस्तलिखित राजग्रंथालयाकडे पोंचलें. ४ सप्टेंबरला तिला मुलगी झाली. १० सप्टेंबरला तिचा अंत झाला. ग्रंथ संपूर्ण स्वरूपांत छापून निघाला तो १७५९ मध्यें. हॅलेनें न्यूटनच्या नियमांवरून भाकित केलेला धूमकेतु त्याच सुमारास आकाशांत परतला होता. पुढें दीर्घकाळ फ्रेंच वाचकांनीं न्यूटन वाचला, तो तिच्याच शब्दांत.

जिवंत शक्तीला आज ओळखीचें असलेलें नांव एकोणिसाव्या शतकांत मिळालें. १८०७ सालीं टॉमस यंग यानें आपल्या व्याख्यानांत तिला 'एनर्जी' म्हटलें. मराठींत आपण तिला ऊर्जा म्हणतों. १८२९ मध्यें कोरिओलिसनें वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचें अर्धें घ्यावें असें दाखविलें, कारण पदार्थाला तो वेग देण्यास केलेलें कार्य तेवढेंच भरतें. आणि लायब्निट्सच्या खुर्द्याचा हिशेब अखेर मँचेस्टरच्या जेम्स जूलनें लावला. खालीं उतरणाऱ्या वजनांच्या साह्यानें त्यानें पाण्यांत वल्हीं फिरविलीं, व पाणी किती तापतें तें सूक्ष्म उष्णतामापकानें मोजलें. ७७२ पौंड वजन एक फूट खालीं आल्यानें एक पौंड पाण्याचें उष्णतामान एक अंश फॅरनहाइटनें वाढतें, असा आंकडा त्यानें १८५० मध्यें प्रसिद्ध केला. आजच्या मोजणीनें तो ७७८ च्या आसपास आहे. मातीच्या थबकलेल्या गोळ्यांची शक्ति नाहींशी झाली नव्हती. माती किंचित् तापली होती.

अशा रीतीनें देकार्तची मूळ श्रद्धा, म्हणजे सृष्टीच्या हिशेबांत कांहीं हरवत नाहीं, ती खरी ठरली. चुकली ती मोजण्याची रीत. सृष्टीची वही एक नसून दोन आहेत. संवेगाच्या वहींत दिशेची नोंद ठेवावी लागते, ऊर्जेच्या वहींत उष्णतेचीहि. आजहि रुळांवरच्या डब्यांच्या धडकेपासून अणुकणांच्या आघातापर्यंत कोणतीहि घटना तपासतांना शास्त्रज्ञ या दोन्ही वह्या उघडतात. आणि रस्त्यावर वाहन हांकणाऱ्यानें तर दुसऱ्या वहीचा आंकडा नित्य ध्यानांत ठेवावा: वेग दुप्पट झाला, कीं समोरच्या मुलापर्यंतचें अंतर चौपट लागतें.